न दिसणाऱ्या वयाचा खर्च

1941 साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय अभिनेत्री मराठी होती. लीला चिटणीस यांनी तेव्हा नुकतीच तिशी ओलांडली होती, आणि मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये अशोक कुमार यांच्यासोबत केलेल्या चित्रपटांमुळे त्यांचा चेहरा देशभर ओळखीचा झाला होता. त्यानंतर सातच वर्षांनी, 1948 साली, ‘शहीद’ चित्रपटात त्या दिलीप कुमार यांच्या आई झाल्या. दोघांच्या वयात अंतर होते 13 वर्षांचे. पुढची कित्येक वर्षे पडद्यावरची सोशिक आई म्हटली की लीलाबाईच डोळ्यांसमोर येत.

हा अपवाद नव्हता, वहिवाट होती. राखी यांनी अमिताभ बच्चन यांच्या नायिका म्हणून कामे केली आणि 1982 च्या ‘शक्ती’त त्या त्यांच्याच आई झाल्या, प्रत्यक्षात त्या या मुलापेक्षा जवळपास 5 वर्षांनी लहान. आपल्या रीमा लागू 1989 साली सलमान खान यांची आई झाल्या तेव्हा 31 वर्षांच्या होत्या आणि त्यांचा मुलगा 24 वर्षांचा होता. पुढे 2019 मध्ये त्याच नटाची आई सोनाली कुलकर्णी (दोघींपैकी थोरल्या) झाल्या, तेव्हा तर आई मुलापेक्षा जवळपास 9 वर्षांनी लहान होती. नायकाचे वय पडद्यावर चढत नसे. ते त्याच्या आईच्या नावे मांडले जाई.

आता काळ बदलला, असे आपण म्हणतो, आणि ते निम्मे खरे आहे. ओटीटीवरच्या मालिकांमध्ये पन्नाशीच्या आसपासच्या अभिनेत्री मध्यवर्ती भूमिका करताना दिसतात. नीना गुप्ता यांनी 2017 साली समाजमाध्यमावर उघडपणे काम मागितले आणि वर्षभरातच, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांना ‘बधाई हो’सारखा चित्रपट मिळाला. झीनत अमान 2023 साली वयाच्या 71 व्या वर्षी रुपेरी केसांसह इन्स्टाग्रामवर आल्या आणि त्यांचे भरभरून स्वागत झाले. उरलेली निम्मी बाजू अशी, की पन्नाशीच्या अभिनेत्रीला जागा मिळाली ती बहुतेक वेळा पस्तिशीचे दिसण्याच्या अटीवर. पूर्वी नायिकेची आई होत असे आणि तिथे निदान सुरकुतीला मुभा होती. आता ती नायिकाच राहते, आणि तसे राहण्याचे काम तिला आयुष्यभर पुरते. हे काम नेमके काय असते, शरीरात खरोखर काय घडत असते आणि आरशात आपण त्यातले काय पाहतो, हे जरा सुटे सुटे करून पाहिले पाहिजे, कारण या तीन गोष्टींची सरमिसळ झाली की दादर-मुलुंडच्या घरातली बाई आपल्या चेहऱ्याचा निकाल चुकीच्या मापाने लावून बसते.

आधी शब्दाचे पाहू. सध्या मासिकांतून ‘ग्रेसफुली’ म्हातारे होण्याचे फार कौतुक असते. मराठीत त्याच्या जवळ जाणारे क्रियापद म्हणजे ‘शोभणे’, आणि ते दोन्ही बाजूंनी कापते. साठीच्या बाईने केस रंगवून गडद लिपस्टिक लावली तर ‘या वयात शोभते का?’, आणि काहीच केले नाही तर ‘अगं, किती थकल्यासारखी दिसतेस, बरी आहेस ना?’ यांच्या मधली जी चिंचोळी पट्टी उरते, तिला आपण शोभून दिसणे म्हणतो. या पट्टीत बसणाऱ्या बाईला मिळणारे सर्वांत मोठे बक्षीस म्हणजे ‘वय दिसत नाही हो तुमचे’ हे वाक्य. म्हणजे वय शोभते कधी, तर ते दिसत नाही तेव्हा. एका साबणाच्या जाहिरातीने तर अनेक वर्षे हाच एक प्रसंग फिरवून फिरवून दाखवला: सगळे जिला कॉलेजातली मुलगी समजतात, तिच्याकडे शेवटी एक छोटी मुलगी ‘मम्मी’ म्हणत धावत येते.

आता शरीर. त्वचेचा वरचा थर तरुणपणी साधारण महिन्याभरात नवा होतो. वयानुसार हा वेग मंदावतो आणि चेहऱ्यावरची तकाकी कमी होते. खरा बदल मात्र त्याखालच्या जाड थरात होतो. तिथे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात, जे स्लॅबमधल्या सळयांसारखे त्वचेला धरून ठेवतात, आणि इलास्टिनचे तंतू असतात, ज्यांच्यामुळे चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर जागेवर जाते. पंचविशीनंतर कोलॅजेन वर्षाला साधारण 1 टक्क्याने घटते, असे मानले जाते. पाळी जाते त्या सुमारास इस्ट्रोजेन झपाट्याने कमी होते आणि मग हा उतार एकदम तीव्र होतो: त्यानंतरच्या पहिल्या 5 वर्षांत त्वचेतले कोलॅजेन सुमारे 30 टक्क्यांपर्यंत घटू शकते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी. ‘चाळिशीपर्यंत ठीक होते, मग दोन वर्षांत एकदम काय झाले कोण जाणे’ असे बायका म्हणतात तो भ्रम नसतो.

चेहरा मात्र केवळ कातडीचा नसतो. कातडीखाली चरबीच्या लहान लहान गाद्या असतात. काही आक्रसतात, काही खाली सरकतात. त्याहून खाली हाडे असतात, आणि तीही झिजतात: डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, जबडा आत जातो. कापसाची जुनी गादी आठवावी. खोळ तीच असते, पण कापूस कुठे विरळ होतो, कुठे गोळा होऊन बसतो, खालची फळी वाकलेली असते, आणि आपण दोष देतो तो खोळीला पडलेल्या चुण्यांना. ‘चेहरा ओघळला’ असे आपल्याकडे म्हणतात, ते शास्त्राच्या दृष्टीनेही बरेच अचूक आहे. कोणतीही क्रीम ही गादी पिंजून देत नाही. क्रीममधल्या कोलॅजेनचा रेणू त्वचेत शिरण्याच्या मानाने फार मोठा असतो, तर दुधात घालून प्यायलेल्या कोलॅजेनचे पोटात इतर प्रथिनांसारखेच तुकडे होतात. ते तसेच्या तसे गालावर जाऊन बसत नाही.

या नैसर्गिक उताराच्या जोडीला ऊन काम करते, आणि चेहऱ्यावर दिसणाऱ्या वयाचा मोठा वाटा उन्हाचाच असतो. अतिनील किरणांपैकी ‘यूव्हीबी’ कातडी भाजतात आणि काच त्यांना बऱ्यापैकी अडवते. ‘यूव्हीए’ मात्र काचेतून आरपार येतात, खोलवर जातात आणि कोलॅजेन तोडतात. अमेरिकेत 28 वर्षे मालवाहू गाडी चालवलेल्या एका माणसाचे छायाचित्र 2012 साली वैद्यकीय नियतकालिकात आले होते. खिडकीकडचा त्याचा डावा गाल दुसऱ्या गालापेक्षा कितीतरी म्हातारा दिसत होता. आपल्याकडे गाडीत उजवा गाल पुढे असतो एवढेच. (लोकलच्या खिडकीला तर काचेचाही आडोसा नसतो, ती जागा मिळवण्यासाठी आपण डोंबिवलीपासून धडपडतो ते वाऱ्यासाठी, आणि वाऱ्याबरोबर ऊनही येते.) पावसाळ्यातल्या ढगांतूनही हे किरण येतच राहतात. एसपीएफ 30 चे सनस्क्रीन यूव्हीबी किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवते, पण तो आकडा भरपूर लावल्यावरचा आहे: चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघ ओढावी इतके. आपण लावतो हरभऱ्याएवढे. शिवाय यूव्हीएसाठी डबीवर वेगळा उल्लेख आहे का, हे पाहावे लागते.

इथे एक गोष्ट जाहिराती सहसा सांगत नाहीत. गडद त्वचेतले मेलॅनिन उन्हापासून बराच बचाव करते, त्यामुळे गोऱ्या युरोपीय स्त्रीच्या मानाने आपल्याकडे बारीक सुरकुत्या उशिरा येतात. आपले वय आधी दिसते ते रंगाच्या असमानतेत: गालांवरचे वांग, डोळ्यांखालचा आणि ओठांभोवतीचा काळपटपणा. तरीही बाजारात आपल्याला विकली जाते ती सुरकुतीची भीती, आणि तिच्या जोडीला गोरेपणाची जुनी भूक. 1975 साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने 2020 मध्ये नावातला गोरेपणा काढून ‘ग्लो’ घातला. नाव बदलायला 45 वर्षे लागली, सवय बदलायला किती लागतील ते सांगणे कठीण. वांगावर तर दृश्य प्रकाशाचाही परिणाम होतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित मातकट छटेचे सनस्क्रीन त्यासाठी अधिक उपयोगी पडते.

आता सुईकडे येऊ. ‘बोटॉक्स’ म्हणून ओळखले जाणारे बोट्युलिनम हे मुळात खराब झालेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचे विष. लॅटिनमध्ये सॉसेजला ‘बोट्युलस’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. मज्जातंतूने स्नायूला ‘आवळ’ असा निरोप द्यायचा असतो, तो ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून. हे विष तो निरोप बाहेर पडू देत नाही, आणि स्नायू गप्प बसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञांनी ते अगदी सूक्ष्म मात्रेत तिरळेपणासाठी वापरले, आणि 1989 मध्ये अमेरिकेत डोळ्यांच्या विकारांसाठी त्याला मान्यता मिळाली. व्हँकुव्हरच्या जीन कॅरुदर्स या नेत्रतज्ज्ञ आणि त्यांचे पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. पापण्यांच्या उपचारांनंतर भुवयांमधल्या आठ्याही जातात, हे त्यांच्या ध्यानात आले आणि 1992 साली त्यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. आठ्यांसाठीची अमेरिकी मान्यता 2002 ची. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पुरता दिसतो आणि 3-4 महिन्यांत ओसरतो, कारण मज्जातंतूचा निरोप हळूहळू पुन्हा सुरू होतो.

फिलरचे काम वेगळे. ते स्नायूला हात लावत नाही. विरळ झालेल्या गादीत नवा कापूस भरते. बहुतेक फिलर हायल्युरॉनिक आम्लाचे असतात, साधारण 6 ते 18 महिने टिकतात, आणि नको झाल्यास एका विकराने विरघळवता येतात. रक्तवाहिनीत चुकून गेल्यास मात्र त्वचेचा तुकडा मरू शकतो आणि क्वचित दृष्टीही जाते. म्हणून लोखंडवाला काय किंवा ठाणे काय, ही सुई प्रशिक्षित डॉक्टरच्याच हाती असावी, पार्लरमधल्या ‘ऑफर’च्या नव्हे.

या मुदती मुद्दाम सांगितल्या. वर्षाला तीनचार वेळा आठ्यांसाठी, एकदा गालांसाठी, मधूनमधून लेसर, रोजचा व्यायाम, स्वयंपाकाला वेगळा माणूस, चित्रीकरण नसेल तेव्हा झोप. हा एक पूर्णवेळ कारखाना आहे, आणि ज्या बाईचा चेहरा हेच तिच्या चरितार्थाचे साधन आहे तिने तो चालवला, तर तिला नावे ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही. कुणी काय करून घेतले याचे तर्क लढवणे हा उद्योगही मला हलका वाटतो. आक्षेप आहे तो कारखान्याचे धुराडे लपवण्याला. ‘भरपूर पाणी पिते आणि आनंदी राहते’ हे उत्तर ऐकणारी बाई घरी जाऊन पाणी पिते, आनंदी राहण्याचा प्रयत्न करते, आणि तिचा चेहरा मात्र ओघळायचा तो ओघळतो. मग दोष कुणाचा, तर तिच्या आनंदाचा.

उरला आरसा. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये छताला एकच पांढरा दिवा आहे आणि समोर पुरुषभर उंचीचा आरसा. प्रकाश वरून पडतो, कपाळ उजळते, डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या बाजूंना आणि हनुवटीखाली सावल्या साचतात. सहाव्या मजल्यावर मी पंचावन्न वर्षांची असते, तळमजल्यावर उतरेपर्यंत पासष्टची होते. नंतर सकाळी घरातल्या उत्तरेकडच्या खिडकीत छोटा आरसा धरला तेव्हा त्यातल्या निम्म्या रेघा गायब होत्या. रेघा माझ्या नव्हत्याच, दिव्याच्या होत्या. गोरेगावच्या चित्रनगरीत दिवे लावणारा माणूस हेच उलटे करतो: मोठा, मऊ प्रकाश समोरून, चेहऱ्याच्या किंचित वरून आणतो आणि खालून पांढरा पत्रा धरून सावल्या भरून काढतो. त्यापुढे भिंगावर जाळी, आणि चित्रीकरणानंतर संगणकावर एकेका चौकटीत त्वचा नितळ करणे. फ्रान्सने 2017 पासून जाहिरातींतल्या मॉडेलचा बांधा छायाचित्रात बारीक-जाड केला असल्यास तसे छापणे बंधनकारक केले आहे. आपल्याकडे गालाच्या बाबतीत तशी काही पाटी दिसत नाही.

भ्रमणध्वनीचा पुढचा कॅमेरा याच्या बरोबर उलट वागतो. 12 इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत नाक 5 फुटांवरून घेतलेल्या छायाचित्रापेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसते, असे 2018 सालच्या एका अमेरिकी अभ्यासाने गणित मांडून दाखवले. लेडीज डब्यात मी एका बाईंना पाहिले. ठाण्याला बसायला जागा मिळाल्यावर त्यांनी पर्समधून फोन काढला, पुढचा कॅमेरा लावला, आणि दोन्ही तर्जनी कानांपाशी टेकवून गाल अलगद मागे ओढले. तशाच काही क्षण बसल्या. मग बोटे सोडली, गाल खाली आले, आणि त्यांनी फोन मिटून पिशवीतली मेथी निवडायला घेतली. डब्याचा दिवा वरून, कॅमेरा वीतभर अंतरावर, समोर दिवसभराचा थकवा. याहून वाईट परीक्षागृह कुणी मुद्दाम बांधू म्हटले तरी बांधता आले नसते.

जुन्या रंगभूमीला हा त्रास नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी घरांतल्या स्त्रिया ज्याच्या साडीची, दागिन्यांची आणि केशरचनेची नक्कल करीत, ते बालगंधर्व पुरुष होते, आणि पन्नाशी उलटल्यावरही ते नायिकेच्या भूमिका करीत राहिले. प्रेक्षक दहाव्या रांगेत असेल तर वय सुरांत आणि हालचालीत दिसते, कातडीत नाही. क्लोज-अप आला आणि कातडी हीच भूमिका झाली. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 साली मांडले होते, की माणूस स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्यांशी तुलना करून. पडद्यावरची तारका पूर्वी आपल्यासारखी वाटतच नसे. आता तिचे छायाचित्र आणि मामेबहिणीचे छायाचित्र एकाच फोनवर, एकाच आकारात, एकाखाली एक येतात, आणि मामेबहिणीनेही फिल्टर लावलेलाच असतो.

तुलनेचा त्रास मनात राहिला असता तरी एक वेळ चालले असते. पण तो औषधाच्या दुकानापर्यंत जातो. कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘वांगाची ट्यूब’ म्हणून नेले जाणारे मलम बहुधा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण असते. पहिल्या आठवड्यात चेहरा खरोखर उजळतो, म्हणून शेजारणीलाही सांगितले जाते. काही महिन्यांत कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, ओठांवर लव येते, आणि मलम थांबवले की आग होते, म्हणून ते थांबवताही येत नाही. अशा अनेक स्टेरॉइड मलमांची विनाचिठ्ठी विक्री 2018 मध्ये केंद्र सरकारने बंद केली. दुकानदार चिठ्ठी मागतो का, हे आपापल्या अनुभवावरून ठरवावे. ट्रेटिनॉइन एकटे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रात्री, गरोदरपण टाळून वापरले तर बारीक सुरकुत्यांवर उपयोगी ठरल्याचा पुरावा भक्कम आहे, पण त्याला महिने लागतात आणि सुरुवातीला कातडी सोलवटते. काळी मेंदी म्हणून जी विकली जाते तिच्यात बहुतेक वेळा मेंदीपेक्षा पीपीडी या रसायनाचे काम अधिक असते. त्याच्या ॲलर्जीने डोळे सुजून मिटल्याची उदाहरणे प्रत्येक त्वचातज्ज्ञाकडे मिळतील. कानामागे थेंबभर लावून 48 तास थांबण्याची सूचना पाकिटावर असते, बारीक अक्षरांत, चाळिशीचा चष्मा लागलेल्या गिऱ्हाइकासाठी. आणि केस पांढरेच ठेवायचे ठरवले तरी सुटका नाही: पडद्यावरचे ते चंदेरी केस पिवळे पडू नयेत म्हणून जांभळा शाम्पू असतो आणि ते तसे ‘नैसर्गिक’ दिसावेत म्हणून सलॉनमध्ये काही तास बसावे लागते.

या सगळ्यात हाडांचे नाव कुणी घेत नाही. ज्या इस्ट्रोजेनच्या ओहोटीने गाल उतरतो, त्याच ओहोटीने खुबा आणि मणका ठिसूळ होतो, आणि हाडाचा सांगाडाही मोठ्या प्रमाणात कोलॅजेनचाच असतो. आमच्या ओळखीच्या बायकांत चेहऱ्याच्या ‘पॅकेज’ची चौकशी केलेल्या पुष्कळ आहेत, हाडांची घनता तपासून घेतलेल्या मोजक्या. ही तपासणी आरशात दिसत नाही, हेच कारण असावे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरचे एक लग्न दादरच्या कार्यालयात झाले. महिन्याभराने अल्बम आला. छायाचित्रकाराने संगणकावर एकच माप धरून सगळ्या बायकांचे चेहरे नितळ केले होते. नवरी, नवरीची आई, वाढपाला आलेली मुलगी, सगळ्यांची कातडी एकाच चिनी मातीची. त्र्याऐंशी वर्षांच्या आत्याने चष्मा पुसून स्वतःचे छायाचित्र जवळ धरले आणि विचारले, ‘ही कोण गं?’ तिच्या डाव्या गालावर स्टोव्हच्या भडक्याचा डाग आहे, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला, गिरगावातल्या चाळीतला. तो अल्बममध्ये नव्हता. मी छायाचित्रकाराला फोन केला. मूळ प्रत सुरक्षित आहे असे तो म्हणाला, पण काहीच न बदलता पुन्हा छापायची तर पानाचे वेगळे पैसे पडतील. आत्याने कमरेचा बटवा सोडला आणि किती ते विचारले.